हिरवा लागेना

आमच्या वडपे गावच्या गोदामात दुपारच्या जेवणाला पट्टे थांबतात, तेव्हाच विजेची कामं उरकायची. खोकी वाहून नेणारे ते रबरी पट्टे, ते चालवणारं मोठं विजेचं पॅनल, या सगळ्याची जबाबदारी माझ्याकडे. मी दीक्षा, इलेक्ट्रिकल सुपरवायझर, टेमघरला घर, स्वभाव संशयी. स्वभाव मुद्दाम सांगितला, कारण या धंद्यात तोच कामाला येतो. कुणी ‘बंद केलंय’ म्हणालं की मी स्वतः जाऊन बघते. घरी आई गॅस बंद केल्याचं सांगते, तरी मी उठतेच.

दिवाळीनंतर कंपनीने पॅनलच्या दारावर एक छोटा डबा बसवला. मेन स्विच पाडायचा, कुलूप लावायचं आणि डब्याचं बटण दाबायचं. डबा आधी आपल्या वायरी तांब्याच्या पट्ट्यांना नीट जोडलेल्या आहेत का ते तपासतो, मग आत वीज उरलीय का बघतो आणि शेवटी आपलं स्वतःचं डोकं ठिकाणावर आहे ना, तेही तपासतो. मगच हिरवा दिवा लागतो. नाही लागला तर दार उघडायचं नाही, मीटर काहीही दाखवो. मला तो डबा फार आवडला. अगदी माझ्याच वळणावर गेला होता.

पॅनलवर काम करणारे दोघे, ठेकेदाराकडचे. एक सुभाष आणि दुसरा माझा धाकटा भाऊ मिलिंद. मिलिंदला मीच शब्द टाकून लावलं होतं. म्हणून संक्रांतीनंतर एकदा त्याच्या हाताने हिरवा लागेना, तेव्हा मला घाम फुटला.

स्विच पाडलेला, कुलूप लावलेलं, मीटरवर शून्य. मिलिंदने बटण दाबलं, लाल दिवा लुकलुकत राहिला. पुन्हा दाबलं, तेच. वायर सैल असेल म्हणून त्या दिवशी काम टाळलं. पुढच्या वेळी सुभाषने दाबलं, झटकन हिरवा. मग परत मिलिंदची पाळी आली आणि परत लाल.

मी आधी सुभाषवर संशय घेतला. मग शेजारच्या गोदामाच्या जनरेटरवर. त्यांची वीज कुठून तरी उलटी शिरत असणार. एकेक वायर सोडवून पाहिली. शेवटी डबाच बदलून घेतला. नव्या डब्यानेही तेच केलं. तेव्हा मी मिलिंदला लांब, चहाच्या मशीनपाशी उभं केलं आणि स्वतः बटण दाबलं. हिरवा. ‘इकडे ये,’ म्हटलं. तो शेजारी येऊन उभा राहिला, नुसता उभा. मी पुन्हा दाबलं. लाल.

घरी मी त्याच्यावर नजर ठेवायला लागले. पीत असेल म्हणावं, तर तोंडाला वास नव्हता. ताटातली भाकरी मात्र तशीच राहायची. त्याचा मोबाइल चार्जिंगला लावलेला कधी दिसला नाही आणि उतरलेलाही कधी दिसला नाही. आई म्हणाली, “त्याच्या डोक्याला तेल लावायला गेले, तर माझ्या हाताला मुंग्या आल्या. पोराला काय झालंय बघ जरा.” मी आईला उडवून लावलं. खरं सांगते, मी घाबरले होते.

सुभाषला मी जिन्याखाली गाठलं. “काय लपवताय तुम्ही दोघं?”

त्याने आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहिलं. “ताई, संक्रांतीच्या आदी आमी कोन गावात पावरलूमच्या शेडमधी खासगी काम घेतलं व्हतं. तितं याला करंट लागला. चिकटूनच ऱ्हायला. मी फळी मारून सोडवला. श्वास न्हाय, काय न्हाय. मी तर रडाया बसलो. मंग आपणच उठला नि म्हनला, चहा मागव.”

“दवाखान्यात नेलं नाहीस?”

“त्योच न्हाय म्हनला. तुमाला पन सांगू नको म्हनला.”

तोवर गोष्ट मेंटेनन्सच्या शैलेश सरांपर्यंत गेली होती. “मॅडम, तुमचा भाऊ आहे, मालूम है मेरेको,” ते म्हणाले. “पण शुक्रवारी माझ्यासमोर हिरवा लागला नाही, तर त्याचा गेटपास बंद.”

मिलिंदला सांगितलं, तर त्याचा चेहरा पडला. “ताई, मला घरी बसवू नको गं. थांबलो की कसंतरी होतं.”

मी डोकं शांत ठेवून विचार केला. रबरी पट्टे, प्लास्टिकची खोकी, कोरडी हवा. माणसाच्या अंगावर अशा जागी चार्ज साठतो, त्यात भुताटकी कसली? आमच्याकडे परत आलेले मोबाइल उघडणाऱ्या मुली मनगटाला पट्टा बांधतात, त्याची वायर अर्थिंगला जोडलेली असते. साठलेलं सगळं जमिनीत जातं. एवढी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही! मी स्वतःवर खूश झाले आणि त्यांच्याकडून एक पट्टा मागून आणला.

शुक्रवारी पट्टा बघून मिलिंद मागे सरकला.

“नको, ताई.”

“का?”

“माहीत नाही. नको वाटतंय.”

“लहान आहेस का आता? नोकरी जाईल तुझी!” मी त्याचा हात ओढून घेतला. माझ्या दंडावरचे केस उभे राहिले. पट्टा मीच आवळला. वायरचं दुसरं टोक पॅनलच्या अर्थिंगला मीच लावलं.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी बटण दाबलं.

दिवा लुकलुकला, लाल.

माझ्या दंडावरचे केस हळूहळू खाली बसले.

हिरवा.

“चलो, हो गया,” शैलेश सर म्हणाले आणि जेवायला निघून गेले.

मी मोठ्याने हसले. इतक्या दिवसांनी हसले. “बघ, वाचली की नाही नोकरी?”

मिलिंद पॅनलला पाठ टेकून उभा होता. डोळे उघडे होते.

“मिल्या, सोड आता तो पट्टा.”

सुभाषने त्याच्या खांद्याला हात लावला आणि किंचाळला. मिलिंद सरळच्या सरळ पुढे आडवा झाला. गुडघेसुद्धा वाकले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी चादर वर केली आणि लगेच नाकाला रुमाल लावला. मी रडत रडत सगळं सांगितलं. आत्ता दुपारी, कामावर, माझ्याशी बोलता बोलता. सकाळी माझ्या स्कूटीवर मागे बसून आला होता.

त्यांनी खिडकी उघडली. मग माझ्याकडे वळल्या.

“बाई, खरं सांगा,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस याला कुठे ठेवलं होतं?”