पांढरीपांड्यांच्या गळ्यातल्या तक्रारी

रविवारी सकाळी विनायक पांढरीपांडे नागपुरातल्या नेहमीच्या टपरीवर गेले आणि म्हणाले, "पोहे दे, तर्री जास्त." निदान त्यांना तसं म्हणायचं होतं. गळ्यातून आवाज आला तो असा : "नमस्कार. पावसात भिजल्यावर माझी पट्टी बोलत नाही. चार महिने झाले, परत परत लिहितेय, कोणाचं उत्तर नाही. रझिया, मालेगाव."

पोहेवाल्यानं नेहमीची प्लेट पुढे ठेवली आणि तो झारा धरून बघतच राहिला. "काका, तब्येत बरी आहे नं? काय बोलून राहिले?"

बरी आहे, असं सांगायला त्यांनी ओठ हलवले. "पट्टीत बाईचा आवाज एकच आहे, तोही म्हातारीचा. मी एकोणीस वर्षांची आहे. कृपया लक्ष द्यावे."

आठ वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेत पांढरीपांड्यांचा आवाज गेला, तेव्हा गळ्याच्या स्नायूंची हालचाल वाचून शब्द बोलणारी ही कंठपट्टी त्यांनी स्वतःसाठी बनवली. तिची आज्ञावली सगळ्यांना खुली करून टाकली : कोणीही वाचा, कोणीही सुधारा. आज तीस हजार गळे त्यांच्या कृपेनं बोलत होते. माणूस मोठा, यात वादच नाही. तक्रारींची यादीही खुलीच होती. पण ती साचायला लागली तेव्हा त्यांनी 'झाडू' नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. तीस दिवसांत ज्या तक्रारीला कोणी हात लावला नाही, ती झाडू आपोआप बंद करायचा. यादी कायम लख्ख! पाहुणे येणार म्हणून कचरा पलंगाखाली लोटावा, तसला हा उद्योग. आणि त्याचा त्यांना चक्क अभिमान होता.

शेजारच्या बाकावरच्या तिशीतल्या बाईनं लॅपटॉपवरून मान वर केली. "अशा तक्रारी चार हजार एकशे अठरा आहेत. मी प्रणिता. प्रकल्पात तुम्ही मला 'चिमणी' म्हणता."

चिमणी! दोन वर्षं मुकाट्यानं बारीकसारीक दुरुस्त्या करणारी. थकलेल्या पांढरीपांड्यांनी मार्चमध्ये नव्या आवृत्त्या पाठवण्याचे अधिकार तिला देऊन टाकले होते. ती कोण, कुठली, हे विचारलंही नव्हतं. फुकट राबणाऱ्याचं गाव विचारायची या खुल्या आज्ञावलीवाल्या मंडळींत पद्धतच नाही.

त्यांनी फोनवर टाइप केलं, 'काय केलंस तू?'

"तुमच्या एकट्याच्या पट्टीला वेगळी आवृत्ती पाठवली. काहीही बोला, झाडूनं बंद केलेली एक तक्रार बाहेर येईल. सगळ्या निस्तरा, मग आवाज परत."

त्यांनी संतापून गळ्यातल्या पट्टीला हात घातला.

"काढा नं," प्रणिता म्हणाली. "मग मुके राहा. माझे बाबा राहिले तसे." तिला हा क्षण फार गोड लागत होता आणि ते ती लपवतही नव्हती. "वसंतराव ढोबळे. वर्धा जिल्ह्यात कबड्डीचं समालोचन करायचे, तुमच्याच पट्टीवर. चढाई रंगात आली की आवाज जातो, असं त्यांनी तुम्हाला लिहिलं. तुमचं उत्तर होतं, 'माझ्याकडे व्यवस्थित चालतंय.' चालणारच! तुम्ही खुर्चीत बसून तपासलं. छाती धडधडली की पट्टीला वाटतं माणूस खोकतोय, आणि ती आवाज तोडते. खुर्चीत कोणाची छाती धडधडते?"

पांढरीपांड्यांना यातलं काहीच आठवेना.

"एकतिसाव्या दिवशी झाडूनं तक्रार बंद केली. पाच महिन्यांनी बाबांना हार्ट अ‍ॅटॅक आला. घरात एकटेच होते. रुग्णवाहिकेला तीन फोन लावले. तिन्ही वेळा पलीकडचा माणूस हॅलो, हॅलो म्हणाला आणि कोणीच बोलत नाही म्हणून त्यानं फोन ठेवला."

पांढरीपांड्यांनी पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला आणि ढोबळ्यांची तक्रार शोधून काढली. समोरचे पोहे निवून गेले. प्रणिता त्यांच्या कपाळावरचा घाम बघत होती. या माणसानं महिनोन्‌महिने झिजावं, रडकुंडीला यावं, हेच तर तिला हवं होतं.

वीस मिनिटांत दुरुस्ती झाली. अकरा ओळी.

"एवढंच?" तिचा आवाज चिरकला. "एवढ्यासाठी माझा बाप गेला?"

पांढरीपांडे उठून उभे राहिले. त्यांना माफी मागायची होती, डोळ्यांत पाणीही होतं. त्यांनी ओठ हलवले आणि गळा बोलू लागला : "घाबरलं की माझी पट्टी बंद पडते. काल माझी लेक रस्त्यावर धावली. समोरून ट्रक येत होता. मला तिला हाक मारता आली नाही. जयश्री, परभणी. चौदा जून."

पांढरीपांड्यांनी लॅपटॉपवर ती तक्रार शोधून पुन्हा पुन्हा वाचली. लेकीचं पुढे काय झालं, ते तिच्यात लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी प्रणिताकडे पाहिलं. दोष कुठे आहे, हे तिला दोन वर्षांपासून माहीत होतं, आणि या तक्रारीच्या तीन महिने आधी, मार्चपासून, अधिकारही तिच्याच हातात होते. त्या अकरा ओळी तिनं स्वतः लिहिल्या नाहीत, फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवल्या होत्या.

त्यांनी सावकाश टाइप केलं आणि फोन तिच्यासमोर ठेवला.

'ही तक्रार कोणाच्या नावावर लिहू?'