आसन क्रमांक नऊ

लेविन फॉन हासेलब्रोक हाल्मेनराडे गावातून पुन्हा कधीच बाहेर पडला नाही. पण हे तुम्ही अजून वाचलेलं नाही. आत्ता मंगळवारचे साडेअकरा वाजलेत, तो चर्चसमोर गाडी लावतोय, आणि तासाभरात निघतो असं त्याने बायकोला सांगितलंय.

बायको, मारायके, म्युन्स्टरला होती. चाळीस किलोमीटर. दिवस भरले होते. "सही कर आणि ये," तिने बजावलं होतं. "कुणाशी खानदानावर गप्पा मारत बसू नकोस."

खानदान गप्पा मारण्यासारखं होतं खरं. हासेलब्रोकांकडे एके काळी सात गावं, तीन जंगलं, दोन गिरण्या आणि मोजता येणार नाहीत इतके काका होते. थोरल्याने जमीन सांभाळायची आणि धाकट्यांनी चर्चच्या धर्ममंडळात जाऊन बसायचं, ही वाटणी सहाशे वर्षं चालली. घराण्याने एक बिशप दिला, मंडळाला अकरा सदस्य दिले, आणि त्यातला एक प्रार्थनेला बदक घेऊन यायचा. मग १८०३ साली सरकारने मंडळच बरखास्त केलं. गावं गेली, जंगलं गेली. लेविन घरं गरम ठेवणारे हीट पंप विकायचा. घराण्याच्या नावावर आता एवढंच उरलं होतं: चर्चमधल्या ओकच्या लाकडी रांगेतलं नववं आसन. ते म्युझियमला हवं होतं, म्हणून सही.

"या, बॅरनसाहेब," चर्चची देखभाल करणाऱ्या गेरहिल्डबाई म्हणाल्या. सत्तरी उलटलेली, हातात किल्ल्यांचा जुडगा, अंगात विणलेलं जाकीट. "घोडा कुठे बांधलात?"

"पार्किंगमध्ये. काचेवर पार्किंगची वेळ दाखवणारी चकती लावलीय."

"मग बसा. बाराची हजेरी झाली की कागद देते."

"कुणाची हजेरी?"

"मंडळाची."

"ते तर बरखास्त झालं ना?"

"झालं की. पण हजेरी बंद करा, असं लेखी कुणी कळवलं नाही."

लेविनला हे पटलं. तो जर्मन होता.

तो नवव्या आसनावर बसला. आसन कोमट होतं, आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखं. धंद्याच्या सवयीने त्याने वाकून खाली गरम पाण्याची नळी शोधली. नळी नव्हती. मेणाचा आणि ओल्या दगडाचा वास येत होता. बाराचे ठोके पडले. गेरहिल्डबाईंनी जाड वही उघडली आणि नावं वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नावानंतर त्या एक श्वासभर थांबत, खूण करत आणि पुढे जात.

"लेविन फॉन हासेलब्रोक."

घराण्यात दर दोन पिढ्यांनी एक लेविन असायचाच. हा कुठला कोण, देव जाणे. शाळेत असताना आपला लेविन दांडी मारलेल्या मित्रांची हजेरी द्यायचा. जीभ आपोआप वळली.

"हजर!"

पेन्सिल थांबली.

"माझ्या एकतीस वर्षांत कुणी ओ दिली नव्हती," गेरहिल्डबाई म्हणाल्या.

"अहो, गंमत केली."

"गमतीसाठी रकाना नाही." त्यांनी खूण केली आणि मग जरा चाचरत म्हणाल्या, "नव्या सदस्याला पहिलं वर्ष गावातच काढावं लागतं. वेशीबाहेर जायचं नाही. एक दिवस जरी चुकला, तरी वर्ष पहिल्यापासून मोजायचं. जुना नियम आहे."

"आणि कुणी गेलंच तर?"

"गेल्याची नोंद नाही."

लेविन हसला, सही केली आणि निघाला.

गाव संपल्याची, नाव लाल रेघेने खोडलेली पाटी मागे पडली. डाव्या बाजूला बिटाची शेतं होती. चार मिनिटांनी समोर पाटी आली: हाल्मेनराडे. न खोडलेली. वळण चुकलं असेल म्हणून तो पुन्हा निघाला. बीट, बीट, बीट, हाल्मेनराडे. तिसऱ्यांदा तो उलट्या दिशेने गेला. बीट तेवढं डावीकडून उजवीकडे गेलं.

फोन वाजला. "लेविन, कळा सुरू झाल्यात."

"निघालोय गं."

"निघालायस कधीचा! पोचणार कधी? गाडी धड नसेल तर टॅक्सी कर. माझ्याजवळ इथे कुणी नाहीये रे."

त्याने टॅक्सी केली. चालक गप्पिष्ट होता, फुटबॉलबद्दल बोलत होता. लेविन मागे बसला, पट्टा लावला आणि गावाचे रस्ते आखणारे म्हणजे शुद्ध बेअक्कल, असं मनात म्हणत डोळे मिटून घेतले. गोलरक्षकाला शिव्या देणारं अर्धं वाक्य कानावर पडलं.

वाक्याचा उरलेला अर्धा भाग आलाच नाही.

मेणाचा वास आला. पाठीला ओकचं लाकूड लागत होतं.

फोन खणखणला. चालक होता. त्याचा आवाज फारच सभ्य झाला होता. "साहेब, मी रस्त्याच्या कडेला थांबलोय. तुमचा पट्टा लावलेलाच आहे. फक्त... तुम्ही त्यात नाही आहात."

मारायकेचा फोन लागेना. मग त्याच्याच फोनची बॅटरी संपली. गेरहिल्डबाईंनी वाटाण्याचं सूप आणून दिलं. "माझं घर वेशीच्या आतच आहे. अंथरूण घालते," एवढंच त्या म्हणाल्या. चार्जर त्यांच्याकडे नव्हता. फोन भिंतीवरचा होता, आणि त्यावरून म्युन्स्टरचा नंबर फिरवला की बाराचे ठोके ऐकू यायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तो चर्चच्या दारात उभा राहिला. आत जायचं नाही, तोंड उघडायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

"लेविन फॉन हासेलब्रोक."

त्याने दात आवळले.

"हजर," नवव्या आसनावरून त्याचाच आवाज आला.

आणि दारात उभा असलेला तो आता तिथेच बसलेला होता.

गेरहिल्डबाईंनी पान उलटलं. थबकल्या. चष्मा पुसला.

"हे नाव काल नव्हतं," त्या पुटपुटल्या. बोटाला शाई लागली. ती ओली होती. "तुमच्याकडे पूर्वी मुलं पाळण्यात असतानाच मंडळात नावं चढवायचे, हे ऐकून होते. पण..."

"वाचू नका," लेविन म्हणाला.

पण वहीत होतं, म्हणून त्यांनी वाचलं.

"वेंडेलिन फॉन हासेलब्रोक."

हे नाव फक्त त्याला आणि मारायकेला माहीत होतं. मुलगा झाला तर ठेवायचं ठरलेलं.

एक श्वासभर शांतता.

दहावं आसन रिकामं होतं. लेविनने त्यावर हात ठेवला.

कोमट.

त्याने गेरहिल्डबाईंकडून पेन्सिल आणि कागद मागून घेतला.

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
धर्ममंडळ, हाल्मेनराडे (बरखास्त)

महोदय,
अर्जदार आसन क्रमांक नऊवर हजर असून स्वतःबाबत त्याची काहीही तक्रार नाही. आसन क्रमांक दहाचे सदस्य श्री. वेंडेलिन आज एक दिवसाचे आहेत. ते सुमारे वर्षभरात बोलू लागतील. सबब, त्यापूर्वी त्यांना कायमचे गैरहजर मांडावे, व त्यांचे नाव पुन्हा पुकारण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.