लिबार्दोची फाइल

डोंगरातल्या तुकेरेस गावच्या चढावर पावसानं गाठलं, तेव्हा नुबियाच्या हातात थंडगार डबा होता आणि डोक्यावर काहीच नव्हतं. दुधाची गाडी थांबली. चालवणाऱ्यानं कॅन सरकवून जागा केली, अंगावरची लोकरी रुआना काढून तिच्या खांद्यावर टाकली.

"डब्यात काय, डॉक्टरीणबाई?"

"मी नर्स आहे. आणि यात तुमच्या गावकऱ्यांच्या पोटाचे तुकडे आहेत."

तो दचकला, मग हसला. "माझा नाही ना?"

"अजून… नाही."

त्याचं नाव लिबार्दो. या डोंगरात पोटाचा कॅन्सर इतक्या घरांत का शिरतो, हे शोधायला नुबियाचं पथक दोन वर्षं येत होतं. लिबार्दोची आई त्यातच गेली, थोरला भाऊही. तरी तो तपासणीला फिरकला नव्हता. पुढच्या सोमवारी मात्र दाढी करून हजर.

"नळी गिळायची म्हणे. तुम्ही जवळ असाल?"

"मी सगळ्यांच्याच जवळ असते."

"सगळ्यांचं मला काय करायचंय —"

नळी आत जाताना त्यानं तिचा हात धरला, तो तपासणी संपल्यावरही सोडला नाही. तिनंही सोडवून घेतला नाही. त्याच दुपारी तिनं त्याची फाइल सहकारी रोसाल्बाकडे सोपवली.

तीन आठवड्यांनी तो अहवालासाठी आला. टेबलापाशी रोसाल्बाला पाहून त्याचा चेहरा उतरला. तडक अंगणात नुबियासमोर येऊन उभा राहिला.

"वाईट आहे, म्हणून टाळताय. आईच्या वेळीही नर्स अशीच नजर चुकवायची."

"मी अहवाल उघडलेलाच नाही, लिबार्दो. शप्पथ."

"मग चला आत. मला एकट्यानं ऐकवणार नाही."

रोसाल्बानं वाचलं. कॅन्सर नाही. जंतू आहेत, त्यांनी आतून सूज आणलीय. चौदा दिवस गोळ्या, एकही चुकवायची नाही. वर्षानं पुन्हा नळी.

लिबार्दो बाकावर बसला आणि रुआनेच्या टोकानं डोळे पुसत राहिला. नुबिया त्याच्या शेजारीच टेकली.

"मग फाइल का दिलीत?" त्यानं हळूच विचारलं.

"नियम आहे. ज्याची फाइल आपल्याकडे, त्याच्याविषयी मनात काही… असून चालत नाही."

"आणि आहे?"

"आहे."

तो तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "कॉफी घेऊया?"

"गोळ्या संपेपर्यंत कॉफी नाही."

"म्हणजे चौदा दिवस थांबायचं?"

"फक्त कॉफीसाठी," ती म्हणाली, आणि त्याच्या हातात हात घालून गाडीकडे चालू लागली.