बटणचे त्रेचाळीस दणके

धडाड! धडाड! धडाड!

"सुरू झालं!" हातातला अर्धा पेरू तोंडात कोंबत भोपळ्या ओरडला. "बटण सुरू झालं!"

तिघंही पागेकडे धावत सुटली. सगळ्यात पुढे मिरची, तिच्या मागे तिचा धाकटा भाऊ भोपळ्या आणि शेवटी, वही छातीशी धरून, त्यांची मावसबहीण चष्मिस. मामाच्या पागेत संध्याकाळची चंदी, म्हणजे घोड्यांचा भिजवलेल्या दाण्यांचा खुराक, वाटायची वेळ झाली होती. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दारकाका दाण्याची हातगाडी घेऊन आत शिरले, की घोडे बांधायच्या तिसऱ्या ठाणातलं बटण पुढचा पाय उचलून लाकडी दारावर दणके घालायला लागायचं. सव्वा वर्षाचं शिंगरू, कपाळावर बटणाएवढा पांढरा ठिपका, पण दणके मात्र हातोड्याचे! त्याचं बघून शेजारची दोन शिंगरंही बिघडली होती. एक मान वरखाली झोकत होतं, दुसरं दाराची कड दातांनी कुरतडत होतं.

"मुळातच तापट आहे हे," उस्ताद कपाळाला आठ्या घालून म्हणाले. शिंगरांना लगाम आणि चाल शिकवायचं काम त्यांचं. "बघा, खूर चिरलाय स्वतःचा! मी मालकांशी बोललोय. शनिवारी दुपारी ट्रक येतोय. पाठवून देऊ नदीपलीकडच्या पागेत."

"शनिवारी? आज बुधवार!" मिरची ओरडली.

गेल्या वर्षीच्या सुट्टीत बटण एवढंसं होतं, तेव्हा त्याला पहिलं गाजर तिनं भरवलं होतं. वर्षभर वर्गात तिनं सगळ्यांना सांगितलं होतं, माझं एक शिंगरू आहे म्हणून. आणि यंदा सुट्टीत येऊन बघते तर काय, ही चष्मिस आधीच येऊन बसलेली! आत्तासुद्धा चष्मिसनं नुसता हात पुढे केला आणि बटण तिच्या बाहीत नाक खुपसून फुरफुरायला लागलं.

"किती लाडात येतं ना!" चष्मिस म्हणाली.

"हो, दिसतंय मला," मिरची फणकारली. तिचा नुसता जळफळाट होत होता.

रात्रीच्या जेवणाला तर कहरच झाला. "आमची चष्मिस किती शांत! दिवसभर वहीत काहीतरी टिपत असते," मामी म्हणाली. झालं! मिरचीनं ताटावर वाटी आपटली. ठण्ण! "मला भूक लागलीय!" ठण्ण! ठण्ण!

"घे बाई, आधी तुला वाढते, पण गप्प बस!" मामीनं भसकन तिच्या ताटात वाढलं. चष्मिसच्या आधी वाढलं, याचा मिरचीला इतका आनंद झाला की आपण काय जेवलो तेही तिला कळलं नाही.

झोपताना ती भोपळ्याच्या कानात कुजबुजली, "तीच बटणला चोरून खाऊ घालते. म्हणूनच बिघडलंय ते. उद्या सकाळी मी तिला रंगेहाथ पकडते की नाही बघ!"

"आणि बिस्किटं खाऊ घालत असेल, तर मलाही बोलव," भोपळ्या म्हणाला आणि घोरायला लागला.

गुरुवारी सकाळी साडेपाचला मिरची गवताच्या माळ्यावर चढली आणि पेंढ्यांच्या आड पालथी पडली. डाव्या हाताला काहीतरी हललं.

"हळू! माझ्या चष्म्यावर कोपर ठेवलंस तू!"

"तू? इथे?"

"गप्प! काका आले," चष्मिस म्हणाली.

हातगाडी आत आली. बटणनं पाय उचलला. धडाड! धडाड! तिसऱ्या ठाणाच्या भिंतीपलीकडेच मामाची कचेरी होती. तिथून लगेच मामाचा आवाज आला, "अहो, फोनवर बोलतोय मी! आधी त्याला गप्प करा!" मोतद्दारकाकांनी पहिली दोन ठाणं सोडून पळत जाऊन बटणपुढे मूठभर चंदी टाकली. बटण गप्प! काका परत पहिल्या ठाणाकडे वळले. धडाड! "अहो, गप्प करा!" पुन्हा मूठभर चंदी.

"अकरा दणके, अकरा मुठी," चष्मिसनं वहीत रेघ ओढली. "काल सकाळी नऊ होत्या. पण याचा अर्थ काय, तेच मला कळत नाहीये."

मिरचीला मात्र कळलं होतं. तिचे कान तापले. ठण्ण, घे बाई आधी तुला. धडाड, आधी त्याला गप्प करा. फरक काय होता? बटण तापट नव्हतंच मुळी. दणका घातला की आधी मिळतं, एवढं ते शिकलं होतं! आणि शेजारची दोघं? आपल्याआधी दुसऱ्याला मिळताना बघून कसं वाटतं, हे मिरचीपेक्षा चांगलं कोणाला ठाऊक असणार?

"मला माहितीये," ती पुटपुटली. "म्हणजे... काल मी जेवताना वाटी आपटली ना, तसंच आहे हे."

चष्मिसनं तिच्याकडे रोखून पाहिलं. आता ही हसणार, असं मिरचीला वाटलं. पण चष्मिस म्हणाली, "बाप रे, काय डोकं आहे तुझं! मी चार दिवस नुसत्या रेघाच ओढतेय!"

शत्रूकडून शाबासकी म्हणजे मोठी पंचाईत! मग धड भांडताही येत नाही.

खाली उतरून दोघींनी काकांना गाठलं. काकांनी डोकं खाजवलं. "खरंय की तुमचं. पण मालक ओरडले की माझे हातपाय गळतात. आणि पाय उचलायची खोड त्याला आधीपासूनच होती, गेल्या उन्हाळ्यापासून. कोणी लावली कुणास ठाऊक!"

मिरचीला ठाऊक होतं. गेल्या सुट्टीत बटणला शेकहँड करायला तिनंच शिकवलं होतं. पाय उचलला की गाजर! पण हे आत्ता, चष्मिससमोर सांगायचं? छे! तिनं घाईघाईनं पुढच्या बेताचं काढलं.

बेत ठरला. बटणचे चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच चंदी. पाय उचलला की पाठ फिरवायची. मामा मात्र चंदीच्या वेळी कचेरीत नकोच.

"त्याला अडकवायचं काम माझं!" भोपळ्यानं छाती फुगवली. मामाला कॅरमचा भलता गर्व होता. संध्याकाळी भोपळ्यानं घराच्या पलीकडच्या व्हरांड्यात बोर्ड मांडला आणि मोठ्यानं म्हणाला, "मामा, तुम्ही मला कधीच हरवू शकणार नाही!"

"काय म्हणालास, टिल्ल्या?" मामा बाह्या सरसावत आला, तो तासभर उठलाच नाही.

इकडे पागेत मात्र कहर चालला होता. धडाड! धडाड! नेहमीची मूठ येईना म्हणून बटण जास्तच पेटलं. वीस झाले, तीस झाले. त्याच्या चिरलेल्या खुराकडे बघून चष्मिसच्या डोळ्यांत पाणी आलं. "देऊया ना गं त्याला!" ती चंदीच्या घमेल्याकडे धावली.

मिरचीनं तिचा हात घट्ट धरला. "नाही! आत्ता दिलं, तर चाळीस दणके घातले की मिळतं असं शिकेल!" असं म्हणताना ती स्वतःही रडत होती.

त्रेचाळिसाव्या दणक्यानंतर बटण थकलं. पाय खाली टेकला. एक, दोन, तीन... "आत्ता! द्या काका, द्या!" मिरची ओरडली.

काकांनी चिरलेल्या खुराला मलम लावलं आणि दारावर जुनी गादी बांधली. शुक्रवारी दोघींनी दिवसभर थोड्या थोड्या वेळानं मूठमूठ चंदी नेली. सकाळी सतरा दणके. दुपारी पाच. संध्याकाळी एक. तिकडे कॅरममध्ये मामा भोपळ्याला सलग नऊ वेळा हरवून आनंदानं गाणं म्हणत होता.

शनिवारी दुपारी ट्रक दारात उभा राहिला. उस्ताद दोर घेऊन पुढे झाले.

"थांबा!" मिरची आडवी उभी राहिली. "मामा, एकदाच चंदी वाटून बघू द्या. पण काही झालं तरी ओरडायचं नाही!"

"मी कधी ओरडतो?" मामा ओरडला.

चष्मिसनं वही उघडून त्याच्यासमोर धरली. अकरा दणके, अकरा मुठी. प्रत्येक रेघेपुढे लिहिलं होतं, मामा ओरडले. मामाचा चेहरा पडला.

चंदीची हातगाडी आत आली. बटणनं कान टवकारले. पाय उचलला गेला... मिरचीनं पाठ फिरवली. मागे काहीच वाजलं नाही. वळून बघते तर चारही पाय जमिनीवर, बटण शहाण्यासारखं उभं! शेजारचीही दोघं नुसती टकामका बघत होती.

उस्तादांनी हातातला दोर गुंडाळला. "वीस वर्षं घोडी शिकवतोय, पण हे माझ्या लक्षात आलं नाही. चुकलोच मी." त्यांनी ट्रकवाल्याला परत जायची खूण केली.

"शाब्बास!" मामानं मिरचीच्या पाठीवर थाप मारली. "खरी घोडेवाली तूच!"

वर्षभर जे ऐकायची तिला आस होती, ते हेच. तेही चष्मिससमोर! मिरचीनं मान हलवली.

"नाही मामा. पाय उचलायची खोड त्याला मीच लावली होती. गेल्या सुट्टीत, गाजर देऊन. आणि चष्मिसनं मोजलं नसतं तर मला काहीच कळलं नसतं."

कोणी काही बोलायच्या आत बटणनं घमेल्यातून नाक वर काढलं आणि चष्मिसच्या वेणीत खुपसलं. मिरची जळलीच, पण थोडीशी. चष्मिसनं तिला जवळ ओढलं, तसं ते ओलं, दाणे चिकटलेलं नाक मिरचीच्याही गालावर घासलं गेलं.

"चूक सगळ्यांसमोर कबूल केलीस, त्याची शाबासकी वेगळी!" मामा म्हणाला. "चला, आता जेवायला!"

टेबलाशी बसल्या बसल्या मामानं चमचा आपटला. "वाढा लवकर! भूक लागलीय!" ठक! ठक! ठक!

मामी पातेलं घेऊन निघाली होती, ती जागीच थांबली. मिरचीनं, चष्मिसनं आणि भोपळ्यानं एकाच वेळी मामाकडे पाठ फिरवली होती.

"आधी चमचा खाली!" मिरची म्हणाली. "मगच चंदी!"

मामानं चमचा खाली ठेवला, हात मांडीवर घेतले आणि शहाण्यासारखा बसून राहिला.