पहाटेचा विस्तव

आमची शेगडी दीड हात लांब, हातभर उंच. पातळ पत्र्याची, तीन पायांची. चौथ्या पायाच्या जागी एक वीट. धुराडं सरळ वर, छपरातून बाहेर. लाकूड घातलं की पंधरा मिनिटांत लालबुंद व्हायची, अंगातला स्वेटर काढावासा वाटायचा, आणि तासा-दीड तासात पुन्हा गार. निम्मी ऊब धुराबरोबर आभाळाला. पातेलं ठेवलं तर मधलं करपायचं आणि कडेचं कच्चं राहायचं. मी एकतीस वर्षं कारखान्यात बॉयलर फिटर होतो. वाफ कुठल्या सांध्यातून निसटतेय ते नुसत्या आवाजावरून सांगायचो. आणि घरात ही असली शेगडी.

"दिव्याखाली अंधार," बायको म्हणायची.

निवृत्तीनंतर आम्ही जंगलाच्या कडेचं हे एका खोलीचं लाकडी घर घेतलं. मुलगी शहरात, नोकरीत. इथे आम्ही दोघंच. अकरा हिवाळे काढले आणि दर हिवाळ्यात मी म्हणालो, पुढच्या थंडीत शेगडी नीट करतो. "हो, पण कुठल्या जन्मातल्या थंडीत तेवढं सांगा," ती म्हणायची आणि हसायची. मला तेव्हा ते हसणं सोयीचं वाटायचं.

रात्रीतून विस्तव विझायचा. पहाटे पाचला ती उठायची, राखेचा खण बाहेर रिकामा करून यायची आणि शेगडी पेटवायची. तिची पद्धत उलटी होती. जाड ढलप्या खाली, त्यांच्यावर आडव्या-उभ्या बारीक काटक्या, आणि काडी लावायची ती सगळ्यात वर. मी एकदा तिला सांगायला गेलो की आग खालून पेटवायची असते, हे शाळेतलं पोरही सांगेल.

"मेणबत्ती कुठून पेटवता हो तुम्ही?" तिने विचारलं.

तिची शेगडी नेहमी एका काडीत पेटायची, माझी तीन काड्या खायची.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. पहाटे मी जागा असायचो. रोज. तिच्या बाजूची रजई सरकली की मला जाग यायची, आणि मी डोळे मिटून पडून राहायचो. गेल्या हिवाळ्यात तिला खोकला लागला. तरी ती उठत होती. शेगडीसमोर बसून, पदर तोंडात दाबून खोकायची, मला जाग येऊ नये म्हणून. मी जागाच होतो. तो खोकला पुढे छातीत उतरला, आणि थंडी सरता सरता ती गेली.

यंदा गारठा पडायला लागला तसं मी काम काढलं. वरातीमागून घोडं, हे मलाही कळत होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

शेगडी खरवडून काजळी काढली. आत तळाला आणि तिन्ही बाजूंना भट्टीच्या विटा बसवल्या, कारण पत्रा ऊब धरून ठेवत नाही, वीट ठेवते. वरच्या बाजूला जाड लोखंडी पट्टी आडवी टाकली, म्हणजे धूर सरळ न पळता आधी पुढे येईल, मग वळून धुराड्यात जाईल. धुराड्यात ऊब अडवायला झडप, दाराच्या कडेला न जळणारा भट्टीचा दोर, फटीतून हवा शिरू नये म्हणून. वर बोटभर जाडीचा सपाट पत्रा टाकला, स्वयंपाकासाठी. तिन्ही अंगांना बाहेरून चपटे दगड रचले. तेही खाणीतले. नदीतल्या दगडात पाणी मुरलेलं असतं, ते तापले की फुटतात.

एवढं करून घाई करता येत नाही. विटांमधले सांधे ओले असतात. आठ दिवस फक्त दिवसा बारीक विस्तव ठेवायचा आणि संध्याकाळी विझू द्यायचा, नाहीतर सांध्यांना भेगा जातात. म्हणजे आठ दिवस पहाटेला घर पूर्वीसारखंच गारठणार होतं.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला जाग आली ती उबेने.

शेगडी पेटलेली होती. मला वाटलं, राखेखाली निखारा राहिला असेल. दार उघडून पाहिलं. खाली जाड ढलप्या होत्या, अजून न पेटलेल्या. वर आडव्या-उभ्या काटक्या, आणि जाळ वरून खाली उतरत होता.

राखेचा खण रिकामा होता.

बाहेरच्या दाराची कडी आतून लावलेली. मी डोकं शांत ठेवून विचार केला. दुःखात माणूस झोपेत उठतो, कामं करतो आणि सकाळी विसरतो, असं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी मी उजव्या पायाला शिवणाचा दोरा बांधला आणि दुसरं टोक पलंगाच्या पायाला. सकाळी दोरा जसाच्या तसा होता. शेगडी पेटलेली होती.

मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला की मी शेगडीसमोर फतकल मारून बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. पुढचे चार दिवस मी संध्याकाळी मुद्दाम लवकर निजलो. पहाट कधी होते याची वाट बघत. जाग मात्र पाचला यायची नाही. अकरा वर्षं रोज यायची, आता एकदाही आली नाही.

आठ दिवस झाले. सांधे वाळले. मी रात्रीसाठी शेगडी पूर्ण भरली आणि झडप खाली ओढली.

सकाळी सहाला दगडांना हात लावला तर ते चांगले कढत होते. खोलीत एकोणीस अंश. रात्री वर ठेवलेल्या पातेल्यातले चवळीचे दाणे लोण्यासारखे मऊ शिजले होते, कडेपर्यंत सारखे. अकरा वर्षं जे करीन म्हणालो ते झालं होतं. आत माझीच मोठी लाकडं निखारे होऊन पडली होती. राखेचा खण भरलेला होता.

पाच दिवस असंच. विस्तव विझत नव्हता, त्यामुळे कुणी उठत नव्हतं. कशाला उठेल?

सहाव्या दिवशी मी छिन्नी घेतली आणि विटा काढल्या. आपण काय करतोय ते मला पक्कं माहीत होतं. ज्या बाईला मी अकरा वर्षं थंडीत उठवलं तिला पुन्हा उठवत होतो. पण मला ती हवी होती. तिचं दिसणं नको, बोलणं नको, नुसत्या आडव्या-उभ्या काटक्या चालल्या असत्या.

त्याच दुपारी मुलगी आली, न कळवता. दारातच थबकली.

"हे काय बाबा? फोनवर तर शेगडी झाली म्हणालात."

"एक दुरुस्ती राहिलीय."

ती विटांच्या ढिगाकडे बघत राहिली, मग खाण्याचे डबे पिशवीतून काढायला लागली. रात्री ती खिडकीखालच्या बाकावर निजली. मी पलंगावर.

सकाळी उठलो तेव्हा ती पेटलेल्या शेगडीपाशी कप धरून बसली होती.

"बाबा, खोकला कधीपासून आहे तुम्हाला?"

"मला? नाही."

"खोटं नका बोलू. पहाटे इथे बसून खोकत होतात. किती वेळ! मी उठणारच होते."

"मग?"

"तुम्हीच म्हणालात ना, झोप गं, थंडी आहे." तिने कपात पाहिलं. "आवाज पण बसलाय तुमचा. ओळखू येत नव्हता."

मी राखेचा खण ओढून पाहिला. रिकामा होता. तळाशी ओलसर, लालसर काहीतरी चिकटलं होतं. मी तो पटकन आत ढकलला.

"चला माझ्याकडे," ती म्हणाली. "छाती दाखवू डॉक्टरांना. आईच्या वेळी उशीर केला आपण."

"येतो. एवढी शेगडी करून येतो."

"अकरा वर्षं ऐकतेय हे," मुलगी म्हणाली. आईसारखी हसली मात्र नाही.

दुपारी मुलगी परत गेली आणि मी विटा भिजवायला घेतल्या. माझ्या हौसेपायी तिची आई पुन्हा खोकत होती. हे पाप माझं होतं, आणि ते मलाच निस्तरायचं होतं.

विटा बसल्या. पण सांधे पुन्हा ओले. पुन्हा आठ दिवस विस्तव विझणार होता, आठ पहाटा थंड जाणार होत्या.

म्हणून मी घड्याळाला गजर लावला. साडेचारचा.

अकरा वर्षांत जे केलं नाही ते आठ दिवस केलं. रजई बाजूला सारली. गार फरशीवर पाय टेकले. राख बाहेर टाकून आलो. जाड ढलप्या खाली, काटक्या वर, काडी सगळ्यात वर. एका काडीत पेटली. पाच वाजायच्या आत खोली उबदार होत होती. आठही दिवस खोकला ऐकू आला नाही.

नवव्या संध्याकाळी शेगडी पूर्ण भरली, झडप ओढली. गजर लावला नाही.

"आता उठू नकोस," मी मोठ्याने म्हणालो. "निवांत झोप."

जाग आली तेव्हा सात वाजले होते. खिडकीतून ऊन आलं होतं. खोलीत एकवीस अंश. शेगडी शांत, दगड गरम. कुणी उठलं नव्हतं.

संपलं, असं वाटलं. बरं वाटलं आणि छाती फुटेल असंही वाटलं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

मागे रजई हलली.

दोन पावलं माझ्या पोटऱ्यांना येऊन टेकली.

शेगडी पेटवून परत अंथरुणात आली की ती अशीच पावलं टेकवायची. फार गार असायची. दोन मिनिटांत माझ्या उबेने गरम व्हायची आणि मग तिला झोप लागायची.

मी वळलो नाही. आठ वाजले. ऊन पलंगावर आलं.

नऊ वाजले. पावलं तितकीच गार होती.

दहाच्या सुमारास माझे पाय गुडघ्यांपर्यंत मला कळेनासे झाले. मी ते काढून घेतले नाहीत.