भिंतीवरचा निळा पंजा

"माझं डोकं फिरलंय की कुणी फिरवतंय, एवढं शोधून द्या. उद्या संध्याकाळच्या आत."

खुर्चीत बसायच्या आधीच म्हातारीनं काम सांगून टाकलं. केस ओले, खांद्यावर टॉवेल, पायात रबरी चपला. भाऊजींना वाटलं, बाई अंघोळ अर्धवट टाकून निघाल्या आहेत.

"तलावावरून थेट आलात," वहिनी म्हणाल्या.

"पोहायला शिकवायचे मी. नोकरी सुटली, पोहणं नाही सुटलं. सगळे आक्का म्हणतात. तुम्हीही म्हणा."

वहिनींनी बरीच वर्षं विमा कंपनीत खोटे दावे उघडे पाडण्यात घालवली होती. आता त्या स्वतःची चौकशी संस्था चालवत. त्यांचे धाकटे दीर मदतीला असत. मदत म्हणजे गाडी चालवणं आणि प्रत्येक प्रकरणात ठामपणे चुकीच्या माणसावर बोट ठेवणं. दोन्ही कामं भाऊजी मन लावून करत.

"चार रो-हाउसची ओळ आहे आमची," आक्का सांगू लागल्या. "पहिलं माझं. नवी नवरी म्हणून आले ती तिथंच. महिन्याभरात बघा काय झालं. आधी गॅसचं बटण उघडं सापडलं. मग पुढचं दार सताड. आणि काल मी तलावावर असताना सिंकमध्ये फडक्याचा बोळा आणि नळ पूर्ण सोडलेला. पाणी अंगणापर्यंत! जन्म पाण्यात गेला माझा, आणि मला म्हणे नळ बंद करता येत नाही."

"लोक काय म्हणतात?"

"लोक प्रेम करतात हो. जीव नकोसा केलाय प्रेमानं. उद्या संध्याकाळी सगळे बसणार आहेत. मी घर सोडून भाच्याकडे जावं, असं मला गोड बोलून पटवणार."

"आणि नळ तुम्ही उघडा ठेवला नव्हता, याची खात्री?"

आक्कांनी टॉवेलाचं टोक मुठीत धरलं. "खात्री असती तर इथे कशाला आले असते? गेलीय ती माझी खात्रीच. घरातलं बाकी सगळं जागच्या जागी आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं तिथे पोचले. ओळ देखणी होती. चारही फाटकांना ताजा निळा ऑइलपेंट, कुंड्या एका मापाच्या. ओळीबाहेरचा माणूस आला की पडदे हलायचे, आणि पडद्यांमागे हिशेब मांडले जायचे.

आक्कांच्या घरात शिरलं की डाव्या भिंतीला लागून अरुंद बोळ, उजवीकडे जिना, टोकाला स्वयंपाकघर. तिथे भाचा उभाच होता. बँकेतला अधिकारी, चेहरा नापास झालेल्या मुलाचा.

"मी इथंच वाढलो," तो म्हणाला. "शाळेची सगळी वर्षं मावशीनं सांभाळलं. आता फोन वाजला की मी आधी पायांत बूट घालतो. हे बघा."

त्यानं स्वयंपाकघराच्या दारातून आत बोट दाखवलं. दाराच्या उजव्या हाताला, कोऱ्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला एक निळा पंजा उमटला होता. जरा खाली घसरलेला.

"दिव्याचं बटण आहे डावीकडे," भाचा हळू आवाजात म्हणाला. "परवा ओळीतले सगळे फाटकं रंगवत होते. मावशीचा हात ओल्या रंगाला लागला असणार. एवढी वर्षं राहून तिला स्वतःच्या घरातलं बटण सापडेना, वहिनी."

"मला ब्रश धरू दिला का कुणी?" आक्का कडाडल्या. "खुर्चीत बसवून ठेवलं. सांभाळून आक्का, दमाल आक्का. कंटाळून तलावावर निघून गेले."

"फाटक उघडताना हात लागला असेल?"

"आठवत नाही! घ्या. झालं समाधान?"

"तुम्ही कधी आलात?" वहिनींनी भाच्याला विचारलं.

"रंगवायलाच आलो होतो. माझ्याकडे किल्ली आहे, पण मी आत गेलो नाही. अंधार पडताना अध्यक्षांनी ओरडून सांगितलं, पाणी येतंय म्हणून."

ओळीचे अध्यक्ष म्हणजे दुसऱ्या घरातले निवृत्त इंजिनियर. ओळीतल्या कुणाचं काहीही अडलं की सर्वांत आधी उठणारे. त्यांच्याकडे शिरताना भाऊजी सरळ चालत गेले आणि जिन्याच्या कठड्यावर गुडघा आपटून कळवळले.

"बोळ इकडे आहे, भाऊजी. उजवीकडे," वहिनी म्हणाल्या.

"उजेड कमी आहे," भाऊजी पुटपुटले. बाहेर लख्ख ऊन होतं.

बोळातल्या उजव्या भिंतीवर खडूनं एक उभा चौकोन आखलेला होता, पार जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत.

"कपाट बसवायचंय," अध्यक्ष हसत म्हणाले. "मुलगा, सून, नातवंडं कायमची परत येतायत. सामान वाढणार. सरबत घ्या ना!"

बोळ एवढा अरुंद, की सरबताचा ट्रे आणताना त्यांना आडवं व्हावं लागलं.

"आक्कांच्या स्वयंपाकघरात तुमचं जाणं-येणं?"

"छे! आम्ही बसतो ते पुढच्या ओट्यावर. आत कधी पाऊल ठेवलं नाही. परवा पाणी अंगणात दिसलं, म्हणून भाच्याला हाक मारली. वाईट वाटतं हो. पण माणसानं कधीतरी मान्य करावं."

"काय मान्य करावं?"

"की आता झेपत नाही."

तिसऱ्या घरात केकवाली राहायची. अंगभर मैदा, हातात क्रीमची पिशवी. तिच्या घरात बोळ पुन्हा डावीकडे होता. भाऊजी या वेळी ऐटीत आत गेले आणि कशालाही धडकले नाहीत. दाराशी खुंट्यांची पाटी होती, चारही घरांच्या जादा किल्ल्या तिच्यावर. गिऱ्हाइकांसाठी दार दिवसभर उघडं.

"पाटीवरची किल्ली कुणी नेली होती का परवा?"

"मी केककडे बघते, खुंटीकडे नाही. आणि फाटक रंगवायला तासभर मीही बाहेर होते."

"तुमचं आणि आक्कांचं पटत नाही म्हणे?"

"मिक्सरच्या आवाजावरून भर रस्त्यात झापतात मला."

"गेल्या तर बरं वाटेल?"

केकवालीनं क्रीमच्या गुलाबाची एक पाकळी काढली, मोडली. "शांतता होईल. मग मला करमणार नाही."

चौथं घर सहा महिने बंद होतं. फाटकाचा रंगही शेजाऱ्यांनीच दिला होता.

"भाचा," गाडीपाशी भाऊजींनी निकाल देऊन टाकला. "किल्ली त्याच्याकडे, घरही उद्या त्यालाच. पंजा त्यानंच दाखवला, स्वतः उमटवून."

"तुमचा गुडघा कसा आहे?"

"दुखतोय. का?"

"आज त्यानं तुमच्यापेक्षा जास्त काम केलंय."

संध्याकाळी सगळे आक्कांच्या फाटकाशी जमले. घरात मिट्ट काळोख. वहिनींनीच दिवे बंद ठेवायला सांगितले होते.

"स्वयंपाकघरातच बसू," वहिनी म्हणाल्या. "पण अंधारात मी ठेचकाळेन. अध्यक्ष, तुम्ही होता का जरा पुढे?"

"हो हो, थांबा, मी दिवा लावतो ना!" अध्यक्ष तत्परतेनं पुढे झाले. त्यांच्या मागोमाग भाचा.

दाराशी पोचल्यावर काळोखात आवाज आला. थप्. तळहात भिंतीवर आपटल्याचा. मग भिंत चाचपल्याचा. मग पुन्हा, थप्.

"इकडे आहे, काका," भाचा म्हणाला, आणि मागून नुसता हात घालून त्यानं बटण दाबलं.

दिवा लागला. अध्यक्षांचा हात उजव्या कोऱ्या भिंतीवर होता. निळ्या पंजाच्या वीतभर वर.



"ही घरं एकासारखं एक नाहीत," वहिनी म्हणाल्या. "एकाआड एक उलटी आहेत, आरशात धरल्यासारखी. आमच्या भाऊजींच्या गुडघ्याला ते कळलं. भाऊजींना अजून कळायचंय. पहिल्या आणि तिसऱ्या घरात बोळ डावीकडे, बटण डावीकडे. दुसऱ्यात दोन्ही उजवीकडे."

"अंधारात कुणाचाही हात चुकतो," अध्यक्ष हात मागे घेत म्हणाले.

"भाच्याचा आत्ता चुकला नाही. तो या घरात वाढलाय. केकवालीचा चुकला नसता, तिचं घर असंच आहे. चौथं घरही तुमच्यासारखं उलटं, पण त्याला कुलूप. आणि आक्का? आक्का चष्मा विसरतील, माझं नाव विसरतील. पण ज्या बटणावर हजारदा हात गेला, तिथेच तो जाणार. या पंजावरून तुम्ही सगळ्यांनी ठरवलंत की आक्कांना घर आठवत नाही. पंजा सांगतो ते एवढंच, की हे घर त्या हाताचं नाही."

"पण मी असं का करेन?"

"बोळात कपाट बसवणार आहात, जिथून सरबताचा ट्रे सरळ जात नाही. जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत आखलेलं ते कपाट नाही, अध्यक्ष. दार आहे. आणि भिंतीच्या पलीकडे आक्कांचा बोळ आहे. परवा सगळे रंगात गुंतले, केकवाली बाहेर, आक्का तलावावर. खुंटीवरची किल्ली घ्यायला कितीसा वेळ? हात पुसले असतील, पण पुरते नाहीत. आत कधी पाऊल ठेवलं नाही म्हणालात ना? मग हा पंजा आला कुठून?"

अध्यक्षांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गळून पडलं आणि खाली एक थकलेला बाप निघाला.

"मुलगा म्हणाला, जागा नसेल तर येत नाही. गॅस मी क्षणभरच… जवळच उभा होतो. आक्कांना इजा नव्हती करायची. त्या भाच्याकडे सुखात राहिल्या असत्या, आणि या घराची पुरी किंमत मी दिली असती."

"मला येऊन विचारायचंत," आक्का म्हणाल्या.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

"नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच तर!"

"म्हणूनच तर विचारायचं असतं, अध्यक्ष. माझं 'नाही' ऐकायची तुमची तयारी नव्हती, म्हणून मला वेडी ठरवलंत? महिनाभर मी रात्रीची उठून नळ चाचपत होते. स्वतःच्या हातांना घाबरत होते. ते कुठल्या मापात मोजणार, इंजिनियर?"

अध्यक्ष मान खाली घालून निघून गेले. केकवाली त्यांच्या पाठीमागे गेली, पण धीर द्यायला नाही. किल्लीबद्दल तिला बरंच बोलायचं होतं, आणि तिचा आवाज मिक्सरपेक्षा कमी नव्हता.

भाचा तसाच उभा होता. "मावशी, चुकलो मी. पण एक विचारू? रागावू नकोस. उद्या खरंच विसरलीस तर? खरंच नळ राहिला उघडा?"

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. त्या चक्क पायांकडे बघत होत्या.

आक्कांनी खुर्ची ओढली, ऐसपैस बसल्या.

"तर पाणी सांडेल. मी पुसेन. नाही जमलं तर तुला हाक मारेन, तू येऊन पुसशील. येशील ना?"

"येईन."

"मग झालं तर. घर माझं आहे, विसरायचं असेल तेही मीच विसरेन. माझ्या वतीनं दुसऱ्या कुणी विसरायचं नाही."