वामनरावांचं अक्षर

पूजा आटोपली, तुळशीला पाणी घातलं की कमलिनीबाई कीबोर्डसमोर बसत. मठाच्या संकेतस्थळावर त्या 'श्रीराम' टाइप करत, आणि पडद्यावर ते त्यांच्या यजमानांच्या, वामनरावांच्या अक्षरात उमटे. चहा त्यानंतरच. वामनराव जाऊन वर्ष होत आलं, तरी नेम चुकला नव्हता.

लिखित जप स्वतःच्याच अक्षरात हवा, असा मठाचा नियम. हात चालेनासे झालेल्या भक्तांसाठी मठाने जिवंत फॉन्टची सोय केली होती. वामनराव अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या मुलीने, मृण्मयीने, त्यांच्या वह्या यंत्राला दाखवून हा फॉन्ट घडवला आणि संकेतस्थळाला जोडून दिला. छापील अक्षरात असतात तसे त्यातले दोन 'र' कधी एकसारखे नसत. हात कसा वळतो, कुठे दमतो, सारं तो शिकला होता. वामनराव गेले तेव्हा त्यांनी सोडलेला जपाचा संकल्प थोडाच उरला होता. बाईंनी त्यांच्या अक्षरात तो पुरा करावा, अशी मठाने परवानगी दिली.

पण हल्ली अक्षर थरथरू लागलं होतं. आज तर एकेक ओळ मोडून पडत होती.

मृण्मयीने तपासून पाहिलं. "आई, ह्या फॉन्टचं वय वाढतं गं. माणसाचं अक्षर बदलतं तसं ह्याचंही बदलतं. बाबांच्या शेवटच्या वह्या आजारपणातल्या. तोच आजार हा पुढे लिहीत चाललाय."

"म्हणजे ह्यांना अजून त्रास होतोय?"

"अगं, फॉन्ट आहे तो!"

"अक्षर कुणाचं आहे पण?"

मृण्मयीने कीबोर्ड पुढे ओढला. "मागे नेते त्याला. बाबांच्या तिशीतलं अक्षर येईल, ठणठणीत."

"नको. एवढं भोगून सुटले, आता पुन्हा पहिल्यापासून कुठे ओढतेस त्यांना? बंद कर. उरलेलं मी वहीत लिहीन."

"वहीचा फोटो चालेल मठाला. पण जप तुझ्या नावावर जमा होईल. बाबांचा संकल्प अपुराच राहील."

"कळतंय मला," बाई म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावला.

पानभर जप लिहून झाला. मृण्मयीने फोटो चढवला. संकेतस्थळ जरा घुटमळलं, मग पडद्यावर प्रश्न आला : 'हे अक्षर वामनराव आठल्ये यांचे आहे. लिहिणारी व्यक्ती तीच आहे का?' खाली 'हो' आणि 'नाही'.

"असं कसं?" मृण्मयी चक्रावली.

"मला पहिलीतूनच काढलं होतं शाळेतून. लग्न होऊन आले तेव्हा धड सहीसुद्धा येत नव्हती. ह्यांनीच हात धरून गिरवून घेतलं सगळं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या."

मृण्मयीने माउस आईच्या हाताशी सरकवला.

'हो' म्हणावं, तर खोटं बोलून रामाचं नाव घेतल्यासारखं होणार. आणि 'नाही' म्हणावं, तर समोरच्या ओळीतली ही सगळी वळणं कुणाच्या हातची?